सदुसष्टवर हसणारा वजनकाटा

"सदुसष्ट," ती म्हणाली, आणि मागच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मांडीवरचा पत्र्याचा डबा खाली पडला.

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नंबर दाखवणारी पाटी बंद पडली होती. त्यामुळे काउंटरवरची बाई प्रत्येकाला तोंडी नंबर विचारत होती. डब्यातले बारीक स्क्रू फरशीवर चारी दिशांना पळाले. सगळे पाय आखडून बसले. तो माणूस गुडघ्यांवर बसून स्क्रू गोळा करू लागला, पण त्याचं लक्ष स्क्रूंकडे नव्हतंच. तो मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"पुन्हा एकदा म्हणाल?"

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. तुमचा नंबर."

"सदुसष्ट," ती म्हणाली. वेडा असेल तर निदान नंबर सांगून सुटका होईल, असं तिला वाटलं.

त्याने डोळे मिटले. "तेच... हसू दाबल्यासारखं. अगदी तेच. आता अडुसष्ट म्हणून बघा."

"अडुसष्ट बहुतेक तुमच्या हातात आहे. तुम्हीच म्हणा."

त्याने हातातला कागद बघितला. खरोखरच अडुसष्ट होता. तो उठून उभा राहिला, गुडघे झटकले आणि अगदी साध्या सुरात म्हणाला, "रागावू नका. पण तुम्ही रोज सकाळी माझ्या आत्याच्या घरी बोलता."

ती दोन पावलं मागे सरकली. मग त्याने घाईघाईने सांगितलं ते असं : तो वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानांतले, गिरण्यांतले, दवाखान्यांतले. त्याची आत्या घरी साबण बनवते. तिची नजर हळूहळू गेली, तेव्हा त्याने तिच्यासाठी बोलणारा काटा तयार केला. आकडे बोलून दाखवणारं एक पॅकेज त्याला फुकटात मिळालं, ते त्याने काट्याला जोडलं. त्यात एका मुलीचा आवाज आहे, आणि ती मुलगी सदुसष्टवर आल्यावर हसू दाबते.

तिचे कान तापले. "पहिली आवृत्ती?" तिने विचारलं. "दुसरी नाही लावलीत?"

"दुसरी फोनवर ऐकली. बंद केली."

"म्हणजे तो एकटा माणूस तुम्ही."

आता हे 'एकटा माणूस' काय प्रकरण, ते नीट सांगायला हवं.

प्रोग्राम लिहिणारी माणसं सगळं स्वतः लिहीत बसत नाहीत. आवाज वाजवणं, तारखा मोजणं, चित्र लहानमोठं करणं असली कामं कुणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. त्या तयार तुकड्यांना पॅकेज म्हणतात, आणि ती सगळी एका मोठ्या सार्वजनिक कपाटात मांडलेली असतात. ज्याला हवं त्याने उचलावं. गंमत अशी की प्रत्येक पॅकेज आणखी दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर उभं असतं, ते तिसऱ्याच्या. एकाने कूस बदलली की सगळ्यांची झोप मोडते. म्हणून प्रत्येकाला आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि वापरणारा लिहून ठेवतो : मला हे पॅकेज हवं, पण अमुक क्रमांकाचंच.

तिची नोकरीच ही होती. एका मोठ्या कार्यालयातल्या प्रोग्रामांमध्ये कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती कोणाशी जमते आणि कोणाशी भांडते, हे ती दिवसभर बघायची. तिचे बाबा म्हणत, "तू स्थळं जुळवतेस, तीही प्रोग्रामांची. घरात एक स्थळ आहे, तिकडे कुणी बघायचं?" बाबांनीच तिचं नाव खार ठेवलं होतं. कारण ती एका जागी बसत नसे. एक कप चहा तिने आयुष्यात एका खुर्चीत बसून संपवला नव्हता. दोन घोट इथे, दोन खिडकीत, उरलेला कुठेतरी विसरलेला.

कॉलेजात असताना तिने ते आकड्यांचं पॅकेज बनवलं. आपल्या आकड्यांची मोठी पंचाईत. शंभरापर्यंत प्रत्येकाचं नाव वेगळं, त्यामुळे एकेक आकडा वेगळा बोलावा लागतो. बाहेरचा आवाज नको म्हणून ती कपाटात गोधड्यांच्या मधोमध बसली आणि बाबा बाहेरून दार धरून उभे राहिले. सगळं सुरळीत चाललं होतं. सदुसष्टला बाबांना शिंक आली, तीही अशी दाबलेली की कपाट हललं. आकडा तिने पूर्ण केला, पण हसू त्याला चिकटून राहिलं. तेव्हापासून तो आकडा आला की तिच्या ओठांचा कोपरा हलतो.

पुढे ती नोकरीला लागली. एकदा कुणाच्या तरी निरोपाच्या कार्यक्रमात एका सहकाऱ्याने तो आवाज शोधून काढला आणि मोठ्या स्पीकरवर लावला. चिरका, घाईचा, शाळकरी आवाज. प्रत्येक आकड्याला खोली हसत होती. तीही हसली, न हसून करते काय. पण दुसऱ्या दिवसापासून ती हळू बोलायला लागली, इतकी हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. मग तिने विकतचा गुळगुळीत आवाज घेऊन दुसरी आवृत्ती काढली. सगळे वापरणारे तिकडे गेले, एक सोडून. पहिली आवृत्ती कुणीतरी अधूनमधून अजून उतरवून घेत होतं. कुणी हौशी पुन्हा पुन्हा लावून बघत असेल, असं तिला वाटे. त्या एकट्यासाठी म्हणून तिने ती सार्वजनिक कपाटात राहू दिली होती, आणि दर वेळी तो आकडा बघून तिचा जीव वरखाली होई. पुसून टाकावा तो आवाज, एकदाचा.

आणि तो एकटा माणूस आता तिच्यासमोर स्क्रूंचा डबा घेऊन उभा होता. कान किंचित मोठे, बोटांवर तेलाचे डाग, नजर मात्र अगदी सरळ.

काउंटरवरच्या बाईने तिला सांगितलं की लॅपटॉपची डिस्क गेली, आतलं काहीही परत मिळणार नाही. त्या आवाजाच्या मूळ फाइली त्यातच होत्या. वाईट वाटायला हवं होतं. तिला हलकं वाटलं... आणि लगेच, का कोण जाणे, थोडं रितंही.

"आत्याला भेटायला याल?" तो मागून म्हणाला. "ती तुमच्याशी रोज भांडते. तुम्ही एकदा उत्तर दिलंत तर बरं होईल."

*

आत्याचं घर जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. जिन्यातच साबणाचा वास यायचा. आत फळ्यांवर साबणाच्या वड्या वाळत मांडलेल्या, खिडकीशी तेलाचे डबे, आणि प्रत्येक डब्याच्या गळ्यात रबरबँड. एक म्हणजे एरंडेल, दोन म्हणजे ऑलिव्ह. हाताला कळावं म्हणून. कॉस्टिक सोड्याचा डबा वेगळ्या फळीवर, त्याच्या झाकणाला जाड दोरी.

आत्याने तिचा हात हातात घेतला आणि आधी फक्त ऐकलं. मग म्हणाली, "हीच का ती? आवाज बसलाय गं तुझा. सर्दी झाली का?"

"नाही आत्या. मोठी झाले."

"बरं झालं. ती पोर फार घाई करायची. मी ओतून संपवायच्या आत आकडा सांगून मोकळी."

मग आत्याने काट्यावर भांडं ठेवलं, तेल ओतलं, आणि खोलीच्या कोपऱ्यातून तिचाच जुना आवाज आला. दोनशे सदुसष्ट ग्रॅम. तिने मान खाली घातली. क्षणभराने हळूच वर बघितलं. काटेवाला हसत होता, तोंडभर, लहान मुलासारखा. पण तो तिच्याकडे बघून हसत नव्हता. काट्याकडे बघून हसत होता.

ते तिच्या मनात कुठेतरी कुसळासारखं राहिलं.

त्यानंतर काटेवाल्याला तिच्या कार्यालयाच्या बाजूला फार कामं निघायला लागली. कँटीनचा काटा, टपालखोलीचा काटा, समोरच्या फळवाल्याचा काटा. या भागातले काटे फारच नाजूक दिसतात, असं ती एकदा म्हणाली. तो म्हणाला, हवामान खराब आहे इथलं. मग दोघं कालव्यावरच्या पुलापर्यंत चालत जात. वारा असायचा. ती भराभर चालायची, पुढे जायची, परत मागे यायची; तो आपल्या एकाच चालीने. त्यामुळे एकाच रस्त्यावर ती त्याच्या दुप्पट चालायची.

ती त्याला पॅकेजांबद्दल सांगायची. तो तिला वजनांबद्दल. त्याच्या पेटीत मखमलीवर पितळेची वजनं ओळीने बसवलेली होती, काटा बरोबर आहे की नाही ते तपासायची. एकदा पुलाच्या कठड्यावर पेटी उघडली असताना तिने त्यातलं एक चटकन उचललं.

तो दचकला. "हाताने नका उचलू. चिमट्याने उचलतात."

"का? चावतं?"

"हाताचा घाम लागतो, वजन वाढतं. डोळ्यांना नाही दिसत, काट्याला दिसतं. आता ते खोटं बोलणार."

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे." एवढं बोलून त्याने ते वजन मखमलीवर न ठेवता खिशात टाकलं. ती तेव्हा कठड्यावरून पाण्यात बघत होती. तिच्या लक्षात आलं नाही.

आणखी एक सवय होती त्याची. काट्याचा आकडा स्थिर झाल्याशिवाय तो वाचायचा नाही. काही विचारलं की उत्तरही तसंच. आधी थांबायचा, आतलं डोलणं थांबू द्यायचा, मग बोलायचा. चहा घेणार का, या प्रश्नालासुद्धा. तिला ते बघून गुदगुल्या होत आणि चीडही येई.

एके संध्याकाळी तिने विषय काढला. पहिली आवृत्ती ज्या आवाज वाजवणाऱ्या पॅकेजवर उभी आहे, ते आता कुणी सांभाळत नाही. आज ना उद्या ती कोसळेल. शिवाय, ती म्हणाली, तिला ती सार्वजनिक कपाटातून काढायची आहे. आत्यासाठी दुसरं काहीतरी बसवून देईन.

"नको ना," तो म्हणाला. या वेळी मात्र तो थांबलाच नाही. "तीच राहू दे. तिच्यासारखी दुसरी नाही होणार."

"ती म्हणजे मीच ना?"

"हो... म्हणजे, तेव्हाच्या. एकदा तेव्हासारखं म्हणा ना. सदुसष्ट."

ती म्हणाली. वारा तोंडावर होता, मन भलतीकडे होतं, आणि ओठांचा कोपरा हलला नाही.

"नाही," तो म्हणाला. "तसं नाही."

ती कठड्यापासून दूर झाली. इतके दिवस आत सलणारं कुसळ आता बोटाला लागलं होतं. "एक सांगा. रोज संध्याकाळी तुम्ही कुणाला भेटायला येता? मला, की तिला?"

तो थांबला.

थांबणं हा त्याचा स्वभाव, हे तिला ठाऊक होतं. आकडा डोलत असणार, स्थिर झाला की बोलेल, हेही ठाऊक होतं. पण तेवढा वेळ एका जागी उभी राहिली तर ती खार कसली. तिने ओढणी सावरली आणि तरातरा निघून गेली. मागून त्याने हाक मारली असेल. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात, सगळे जेवायला गेले असताना, तिने ते केलं. पॅकेजांचं कपाट उघडलं, पहिल्या आवृत्तीवर आली, 'काढून टाका' म्हटलं. पडद्यावर सूचना आली : एकदा काढलेला क्रमांक पुन्हा कधीही लावता येणार नाही. ही सूचना ती नव्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवायची, दोनदा वाचा म्हणायची. आज तिने एकदाही वाचली नाही. आत्याच्या काट्यात ते पॅकेज बसलेलं आहे, तिथे ते राहीलच, आत्याला काही त्रास नाही, असा तिचा हिशेब होता. बटण दाबलं. मग पाणी प्यायला गेली, परत आली, पुन्हा गेली, दिवसभर अशीच येरझारा घालत राहिली.

*

सकाळी आत्याचा फोन आला.

"अगं, तू बोलेनाशी झालीस."

"आत्या, आमचं जरा त्या दिवशी—"

"तुमचं नंतर. काट्यातली तू. काल काटा पुसायला बंद केला, आज चालू केला तर मुकी. तेल गरम झालंय, दवाखान्याच्या बाळांचा साबण आज नाही ओतला तर वेळेत वाळणार नाही, आणि हा गिरणीवर गेलाय कुठे लांब, फोन उचलत नाही."

तिने चपला घातल्या की नाही तेही तिला आठवत नाही. बसमध्ये बसायला जागा होती, ती बसली नाही. दारापाशी दांडा धरून उभी राहिली, जणू उभं राहिल्याने बस लवकर पोचणार होती.

आत्याकडे पोचल्याबरोबर तिने काट्यामागची संगणकाची छोटी पेटी उघडून आतला प्रोग्राम बघितला, आणि तिच्या लक्षात आलं. काटेवाल्याने प्रोग्रामात पॅकेजचा क्रमांक नीट लिहिला होता, पण पॅकेज जवळ ठेवलं नव्हतं. काटा चालू झाला की प्रोग्राम दर वेळी कपाटाकडे जाऊन ते नव्याने आणायचा. नवख्या माणसाची चूक. पत्ता जपून ठेवला की माणूस आपल्याजवळ आहे असं वाटतं, तसली. म्हणूनच तो अधूनमधून येणारा एकाचा आकडा. आणि काल त्या पत्त्यावरचं घर तिनेच पाडलं होतं. दुसरी आवृत्ती या जुन्या पेटीवर चालतच नव्हती. तिच्या खालच्या पॅकेजला नवी यंत्रं लागत. मूळ आवाज डिस्कबरोबर गेलेला. म्हणजे तो आवाज आता जगात कुठेच नव्हता.

तिला हेच तर हवं होतं. तरी तिने पेटीत पुन्हा पुन्हा शोधलं.

"आत्या," ती म्हणाली, "मी काढून टाकलं ते. मुद्दाम. परत आणता येत नाही."

आत्याने तेलावर हात धरून उष्णता बघितली. "आत्ता रडायला वेळ नाही. तुला डोळे आहेत ना? आकडा वाच."

ती काट्यासमोर उभी राहिली. आत्याने हातमोजे चढवले, दोरीच्या झाकणाचा डबा उघडला, चमच्याने पांढरे दाणे भांड्यात सोडायला सुरुवात केली. ती आकडे सांगू लागली, सवयीने हळू, पुटपुटत.

"तोंडातल्या तोंडात नको," आत्या म्हणाली. "कॉस्टिक आहे हे. कमी पडलं तर साबण जमणार नाही, जास्त झालं तर बाळाची कातडी जळेल. खणखणीत सांग."

मग तिने आवाज मोकळा सोडला. किती दिवसांनी, कोण जाणे. आधी तो तिचा तिलाच परका वाटला, जाड, खोल, कडेला किंचित खरखरीत. आकडा दोन अंकांमध्ये डोलत होता. एकशे अकरा, एकशे बारा, पुन्हा अकरा. घाईने सांगितलेला आकडा खोटा ठरत होता. दोनदा चुकल्यावर ती थांबायला शिकली. श्वास धरायचा, डोलणं थांबू द्यायचं, मग बोलायचं. एका भांड्यानंतर दुसरं, दुसऱ्यानंतर उरलेली तेलं, रबरबँड मोजून एकेक. खिडकीतलं ऊन फळीवरून जमिनीवर उतरलं. ती त्या जागेवरून हलली नव्हती.

"एकशे सदुसष्ट," ती म्हणाली, आणि दाराशी कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं.

काटेवाला उंबऱ्यात होता. धापा टाकत, केसांत गिरणीचं पीठ. आत्याने चाहूल घेतली आणि म्हणाली की आता साबण घोटायचं काम आपल्या एकटीचं, कुणाची गरज नाही, दोघांनी खिडकीशी जाऊन काय ते बोलून घ्यावं. "आणि कुजबुजू नका," ती म्हणाली. "मला मग कान लांब करावे लागतात."

खिडकीशी जाऊन तिने एका दमात सगळं सांगितलं. पहिली आवृत्ती तिने काढली. रागाने. ती परत लावता येत नाही. मूळ आवाजही उरला नाही. त्याच्या आवडीची ती मुलगी कायमची गेली, आणि घालवली तिनेच.

तो थांबला.

या वेळी तीही थांबली. पाय निघायला बघत होते. तिने खिडकीचा गज घट्ट धरला.

"फोन बघितला आणि पळत आलो," तो अखेर म्हणाला. "जिन्यात आवाज ऐकला. काटा चालू झाला असं नाही वाटलं. पहिल्या पायरीवरच कळलं, ही ती नाही."

"कशावरून?"

"तिला ऐकून मी रोज कामाला जातो. आज... वर यायचंच सुचेना. जिन्यात उभा राहिलो. खालच्या मजल्यावरचे काका विचारून गेले, चक्कर आली का म्हणून."

तिने हसू दाबायला बघितलं. जमलं नाही.

मग त्याने खिशातून काहीतरी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. पितळेचं छोटं वजन. पुलावर तिने हाताने उचललेलं.

"हे मी संचात परत नाही ठेवलं," तो म्हणाला. "पुसायला हवं होतं. पुसलं असतं तर पुन्हा खरं झालं असतं. दोनदा फडकं घेतलं हातात. पण... तुमचं बोट लागलेलं होतं. तिचं नाही. तुमचं. तेव्हापासून माझा संच अपुरा आहे आणि मी उसन्या वजनावर काटे तपासतोय. पुलावर हेच सांगणार होतो. मला वेळ लागतो."

"मला थांबता येत नाही," ती म्हणाली.

"बघितलं आत्ता. येतं."

वजन तिच्या मुठीत गरम होत गेलं. आता ते आणखी खोटं बोलणार होतं. तिने मूठ उघडली नाही.

पलीकडून आत्या म्हणाली, "साबण घट्ट होतोय, तुम्हाला किती वेळ लागेल?"

*

तिसरी आवृत्ती घरच्या त्याच कपाटात झाली. गोधड्या त्याच, फक्त आता गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागलं. दार धरायला काटेवाला होता. बाबांनी त्याला स्वयंपाकघरातून आधीच बजावलं होतं की दार धरण्याच्या कामात जबाबदारी फार असते, सगळा डाव शिंकेवर असतो. आणि मग स्वतःच नाकाला रुमाल लावून लांब गच्चीत जाऊन बसले. आकडा बोलायचा, थांबायचं, पुढचा. मध्येच दाराच्या फटीतून पाण्याचा पेला आत यायचा. फटीतून बोटं दिसायची, तेलाचे डाग असलेली. एकदा पेला घेताना तिने ती बोटं जरा जास्त वेळ धरली. दार किंचित थरथरलं.

या आवृत्तीचं खालचं काम तिने फार जपून केलं. जुन्या पेटीवर चालेल असं, नव्या यंत्रांवरही चालेल असं. कोणाच्या खांद्यावर उभं राहायचं ते निवडून घेतलं, आणि काट्याच्या पेटीत त्या सगळ्याची एकेक प्रत ठेवायला काटेवाल्याला शिकवलं. पुन्हा पुन्हा शिकवलं. तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून ऐकायचा.

आत्याने नवा काटा ऐकला. एकापासून सुरुवात करून, भांड्यात थोडं थोडं पाणी ओतत, बराच वेळ. दोघं भिंतीला टेकून निकालाची वाट बघत उभी होती.

"काही उपयोगाची नाही," आत्या म्हणाली.

तिचा चेहरा उतरला. "का?"

"पहिली फक्त सदुसष्टवर हसायची. ही सगळीकडे हसतेय. बावीसवर हसते, चाळीसवर हसते. अशाने मी कॉस्टिक कसं मोजू?" आणि आत्याने भांडं पुन्हा काट्यावर ठेवलं. "असू दे. सवय होईल."

काटेवाला पेटी बंद करायला वाकला. तिने त्याच्या खांद्यावरून सहज पेटीला जोडलेल्या पडद्याकडे बघितलं, आणि तिच्यातली नोकरी जागी झाली. पॅकेजच्या नावापुढे पूर्वी त्याने लिहिलेलं असायचं : फक्त पहिली. तिथे आता वेगळंच होतं. तिसरी, आणि तिच्यानंतर जी येईल ती.

"हे काय लिहिलंयस?" तिच्या तोंडून अरेतुरे निघून गेलं, ते तिला नंतर कळलं. "असं मोकळं कुणी सोडत नाही. उद्या मी चौथी काढेन, त्यात काय वाटेल ते बदलेन. आवाज बदलेल, स्वभाव बदलेल. मी काय करेन ते माझं मलाच माहीत नसतं. तुझा काटा बंद पडेल."

त्याने पेटीचं झाकण लावलं, स्क्रू पिळला, आणि थांबला. तिने वाट बघितली.

"पडू दे," तो म्हणाला. "दुरुस्ती हाच माझा धंदा आहे."

आत्याने चहा केला होता. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, आणि कप रिकामा झाला तरी त्याच खुर्चीत बसून होती.